दर दिवाळीला आवरलेले कपाट संक्रांतीपर्यंत पुन्हा का भरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतल्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या सदनिकेत तुम्ही, तुमचे पती, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे राहता. कपड्यांसाठी सासूबाईंचे जुने पोलादी कपाट आणि भिंतीला लागून करून घेतलेला प्लायवुडचा वॉर्डरोब एवढीच जागा आहे. दर दिवाळीपूर्वी दोन्ही कपाटे तुम्ही मन लावून आवरता आणि संक्रांतीपर्यंत ती पुन्हा पहिल्यासारखी होतात. पावसाळ्यात कुबट वास येतो, लग्नातल्या पैठणीचे काठ काळवंडू लागले आहेत आणि सासूबाई एकही कपडा घराबाहेर जाऊ देत नाहीत. यावर कोणते डबे, कप्पे आणि हँगर विकत घ्यावेत, अशी यादी तुम्हाला हवी आहे. मुंबई-ठाण्यात लोकांची घरे आणि कपाटे लावून देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. खरेदीचे मी शेवटी सांगेन, पण ती यादी लहान असेल, कारण तुमच्या कपाटाचे दुखणे डब्यांनी बरे होणारे नाही.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. पोलादी कपाटाला कुलूप आहे म्हणून साड्या, दागिने, कागदपत्रे आणि चांगले कपडे त्यात आहेत, आणि रोजचे कपडे मात्र खुर्चीवर, दारामागे आणि वॉर्डरोबच्या ज्या कप्प्यात जागा सापडेल तिथे आहेत. जुन्या घरांत या दोन प्रकारच्या कपड्यांची गाठ फारशी पडत नसे. रोजच्या कपड्यांना खुंट्या आणि वळणी असे, ठेवणीतल्या कपड्यांना ट्रंक किंवा पेटी असे, आणि ती पेटी वर्षातून मोजक्या वेळा उघडली जाई. सदनिकेत आल्यावर वळणी गेली, ट्रंक माळ्यावर गेली आणि दोघांचाही संसार एकाच कपाटात आला. त्यातही डोळ्यांपासून कमरेपर्यंतचे, म्हणजे हाताला सर्वांत सोयीचे कप्पे वर्षातून दोनदा लागणाऱ्या साड्यांनी व्यापले आणि रोज दोनदा लागणारे कपडे वरच्या किंवा अगदी खालच्या कप्प्यात ढकलले गेले. असे कपाट कितीही सुबक लावले तरी ते रोज विस्कटणारच, कारण रोजचा कपडा काढण्यासाठी रोज काहीतरी उचलावे लागते.

म्हणून तुमच्या घरापुरता खरा प्रश्न असा मांडावा लागेल: रोजचे, प्रसंगाचे आणि केवळ आठवण म्हणून जपायचे, अशा तीन साठ्यांना वेगळ्या जागा कशा द्यायच्या? काय टाकावे हा प्रश्न त्यानंतरचा आहे. साठे वेगळे केले की टाकायचे काय ते बहुतेक वेळा आपोआप दिसू लागते.

संक्रांतीचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, पण त्यातच कारण दडलेले आहे. दिवाळीपूर्वी कपाट रिकामे होते आणि लगेच दिवाळीची खरेदी आणि भाऊबीजेची ओवाळणी येते. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि आहेराच्या साड्या, शर्टपीस, ब्लाउजपीस येऊ लागतात. त्यानंतर संक्रांतीचे हळदीकुंकू येते. म्हणजे घरात सर्वाधिक कापड येण्याच्या काळाच्या अगदी तोंडाशी तुम्ही आवरता, तेही फराळाच्या आणि साफसफाईच्या घाईत. माझा सल्ला असा की मोठी आवराआवर फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. तेव्हा हवा कोरडी असते, स्वेटर-शाली आत जाण्याची वेळ असते, वर्षाचे आलेले कापड समोर असते आणि उन्हाळ्यातली लग्ने अजून सुरू झालेली नसतात. दिवाळीला मग फक्त पुसणे आणि घड्या बदलणे उरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मला तुमच्या पत्रावरून कळत नाहीत. तुमचा वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीला लागून आहे की न्हाणीघराच्या भिंतीला, हे आधी पाहा. यांपैकी कोणतेही असेल तर ओलाव्याबद्दल मी पुढे जे सांगते ते तुमच्यासाठी सर्वांत निकडीचे आहे. तुम्ही नोकरीला जाता का आणि तिथे साडी नेसावी लागते का, यावर रोजच्या साठ्याचा आकार ठरेल. नागपूर किंवा संभाजीनगरसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी मी ओलाव्याबद्दल इतके लिहिले नसते, पण डोंबिवलीला खाडीकाठची हवा आहे आणि पावसाळ्यात ती महिनोन्महिने दमट राहते.

सुरुवात कशी करावी, याबद्दल माझे मत प्रचलित सल्ल्याहून वेगळे आहे. सगळे कपडे एकदम पलंगावर ओतून मग एकेक उचलावा, असे बरेच जण सांगतात. एकट्या राहणाऱ्या माणसाला ते जमते. चौघांच्या घरात त्याच पलंगावर रात्री झोपायचे असते, मध्येच कुकर लावायचा असतो, आणि दुपारपर्यंत थकलेला माणूस संध्याकाळी उरलेला ढीग जसाच्या तसा आत कोंबतो. शिवाय घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आपली सगळी ठेव अशी उघड्यावर पडलेली दिसली की तिची पकड आणखी घट्ट होते. म्हणून एका बैठकीला एकच कप्पा घ्यावा, दोन तासांहून अधिक बसू नये, आणि पहिला कप्पा स्वतःच्या रोजच्या कपड्यांचा घ्यावा. रोजच्या कपड्यांत भावना कमी असतात, निर्णय लवकर होतात आणि मोकळी झालेली जागा त्याच दिवशी उपयोगी पडते.

रोजच्या कपड्यांसाठी कसोटी सोपी आहे. धुऊन, घडी घालून आलेला कपडा नेहमी गठ्ठ्याच्या खाली ठेवा आणि घालायचा वरचा घ्या, असे दोन-तीन महिने करा. जो कपडा वर येऊनही तुम्ही दर वेळी बाजूला सारता, त्याच्याबद्दल निर्णय झालेला आहे असे समजा. हँगरवरच्या कपड्यांसाठी एखाद्या दिवशी सगळ्या हँगरची तोंडे उलटी करून टाका आणि वापरलेला कपडा परत लावताना सुलटा लावा. काही महिन्यांनी उलटे राहिलेले हँगर स्वतःच सांगतील. वॉर्डरोबमध्ये गठ्ठे ओळखू येण्याजोगे बुटके ठेवा. आठ-दहा कपड्यांहून उंच गठ्ठा मधला कपडा ओढताना कोसळतोच.

खुर्चीवरच्या कपड्यांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण बहुतेक घरांत पसाऱ्याचा उगम तिथेच असतो. एकदा घातलेली जीन्स, संध्याकाळी तासभर वापरलेला कुर्ता, ऑफिसहून आल्यावर काढलेला पण उद्याही चालणारा शर्ट, हे कपडे धुण्यात टाकण्याइतके मळलेले नसतात आणि धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात ठेवण्याइतके स्वच्छही नसतात. त्यांना घरात जागाच दिलेली नसते, म्हणून ते खुर्चीवर जातात. चौघांसाठी प्रत्येकी दोन-तीन मजबूत खुंट्या, हवा खेळेल अशा ठिकाणी, लावून घ्या. खुंट्या भरल्या की त्यांतला एक कपडा धुण्यात जाईल, एवढा एकच नियम ठेवा. घामाचे कपडे बंद कपाटात न जाण्याचा दुसरा मोठा फायदा कसरीच्या संदर्भात पुढे येईलच.

आता साड्या. येथे 'वर्षभर वापरली नाही तर देऊन टाका' हा नियम मी लावत नाही, कारण भरजरी साडी दोन वर्षांतून एकदा नेसली तरी ती आपले काम करत असते. मी साडीला दुसरा प्रश्न विचारते: हिचा ब्लाउज आज तुमच्या अंगात होतो का? कपाटात पडून राहिलेल्या साड्यांपैकी कितीतरी साड्या आवडत नाहीत म्हणून पडून नसतात. त्यांचा ब्लाउज घट्ट झालेला असतो, कधी शिवलेलाच नसतो, फॉल-पिको राहिलेला असतो किंवा जुळणारा परकर नसतो. प्रसंगाच्या दिवशी घाईत हात नेहमी तयार असलेल्या साडीकडेच जातो. त्यामुळे अशा साड्या बाहेर काढून एका पिशवीत भरा आणि महिन्याच्या आत शिंप्याकडे द्या. शिवणीत माया ठेवलेली असेल तर बहुतेक ब्लाउज उसवून मोठे होतात. महिना उलटूनही ती पिशवी हलली नाही, तर त्या साड्या तुम्हाला नेसायच्या नाहीत हे मान्य करायला हरकत नाही.

ब्लाउज साडीच्या घडीत ठेवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती रेशमी साड्यांसाठी टाळा. हुक रेशमात आणि जरीत अडकून धागे ओढतात, दमट हवेत गंजून डाग पाडतात, आणि वापरलेल्या ब्लाउजमधला घाम साडीला लागतो. ब्लाउज वेगळ्या लहान सुती पिशवीत घालून साडीच्या शेजारी ठेवा.

आहेरात आलेल्या आणि आपण न नेसणाऱ्या साड्यांसाठी एक स्वतंत्र डबा करा. प्रत्येक साडीवर ती कोणी व कोणत्या कार्यात दिली याची चिठ्ठी लावा, म्हणजे पुढे देताना ती चुकून त्याच घरी जाणार नाही. डबा भरला की पुढच्या हळदीकुंकवाला किंवा ओटी भरण्यासाठी नवी खरेदी करण्याआधी तो उघडायचा. या साड्या आपल्या साड्यांच्या गठ्ठ्यात मिसळल्या की आपला साठा किती हेच कळेनासे होते.

सासूबाईंचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर मी ठाम आहे: त्यांच्या कपड्यांना त्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नये, त्या गावी गेल्या असताना तर मुळीच नाही. एक साडी नकळत गेल्याचे लक्षात आले की पुढची कित्येक वर्षे त्या घरातली चिंधीही जाऊ देणार नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. त्यांच्या पिढीत कापड सहज मिळत नव्हते. एकेक साडी कोणत्या प्रसंगाची हे त्यांना पाठ असते. 'काय टाकायचे' असे विचारण्याऐवजी 'ही कोणाला द्यावी असे तुम्हाला वाटते' असे विचारा. माझ्या अनुभवात हा प्रश्न विचारला की बायका स्वतःहून बोलू लागतात. ही धाकट्या नणंदेला, ही नातीच्या लग्नात, अशी वाटणी होत जाते. ज्या साड्या आता देता येतील त्या त्यांच्या हातून देऊ द्या. ज्या पुढे द्यायच्या आहेत त्यांच्या पिशवीवर त्यांच्याच अक्षरात नाव लिहून ठेवा. मऊ झालेल्या सुती नऊवाऱ्यांची गोधडी शिवून घेता येते, आणि घरात बाळ येणार असेल तर त्याच कापडाची दुपटी होतात. असा उपयोग दिसला की विरलेले लुगडे सोडणे त्यांना कमी जड जाईल.

त्याच बैठकीत त्यांच्या रोजच्या कपड्यांची जागाही बदला. म्हाताऱ्या माणसाला वाकावे लागू नये आणि स्टुलावर चढावे लागू नये, म्हणून त्यांचा कप्पा कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीतच हवा. मग त्यासाठी पोलादी कपाटातल्या ठेवणीतल्या साड्या वर सरकवाव्या लागल्या तरी चालेल. कपाटाची किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.

निघालेल्या कपड्यांचे काय करावे, हे तुम्ही विचारले नाही, पण तिथेच बरेच काम फसते. दाराशी ठेवलेली पिशवी आठवड्यात गेली नाही तर तिच्यातले कपडे एकेक करून परत आत येतात. धड कपडे धुऊन, बटणे लावूनच द्यावेत. तुमच्या भागात बोहारीण येत असेल तर भांड्यांच्या बदल्यात कपडे घेण्याची ती जुनी आणि चांगली व्यवस्था आहे; ते कपडे दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात विकले जातात, वापरात राहतात. १९९९ साली दिल्लीत सुरू झालेल्या 'गूंज'सारख्या संस्थाही वापरण्याजोगे कपडे घेतात. घरकामाला येणाऱ्या बाईंना देताना आधी विचारावे आणि त्यांना आवडेल तेच घेऊ द्यावे. आपल्या घरातला पसारा त्यांच्या लहान घरात लोटणे बरे नव्हे. फाटक्या सुती कपड्यांची फडकी करा, पण त्यांच्यासाठी एकच डबा ठेवा, कारण पुसायला लागतील त्याहून कितीतरी अधिक फडकी प्रत्येक घरात साठतात.

आता ओलावा आणि कसर. कुबट वास बहुधा बुरशीचा असतो आणि बुरशीला दमट, न हलणारी हवा लागते. पहिला उपाय अंतराचा आहे: पोलादी कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. भिंतीतल्या वॉर्डरोबला ते शक्य नाही, म्हणून त्याचे मागचे फळकूट हाताने चाचपून पाहा. ते गार आणि ओलसर लागले तर आधी भिंतीची गळती दुरुस्त करून घ्या, तोवर त्या कप्प्यात रेशीम आणि लोकर ठेवू नका. कप्पे ठासून भरू नका. इस्त्रीचा गरम कपडा लगेच आत ठेवू नका, कारण त्यात वाफ असते. पावसाळ्यात घरात वाळवलेले कपडे हाताला कोरडे लागले तरी एक रात्र पंख्याखाली राहू द्या. निळ्या दाण्यांचे सिलिका जेल वापरत असाल तर ते गुलाबी झाले की ओलावा शोषून संपले आहे असे समजा. मंद तापवून ते पुन्हा वापरता येते, पण ते मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. पाणी जमा होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे प्रभावी असतात, मात्र ते सांडले तर कापड खराब होते, म्हणून ते सर्वांत खालच्या तळावरच ठेवावेत.

कसर म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांत एकापेक्षा अधिक किडे असतात. लोकर आणि रेशीम खातात त्या पतंगांच्या आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या. खळ केलेले सुती कापड आणि कागद कुरतडतो तो चंदेरी, चपळ किडा. अळ्यांना घामाचे आणि अन्नाचे डाग विशेष आवडतात, म्हणून एकदाच नेसलेली साडी 'मळली कुठे आहे' म्हणत तशीच आत ठेवणे हे कसरीला आमंत्रण असते. नेसून आल्यावर साडी सावलीत वाऱ्यावर टाकावी, डाग असल्यास स्वच्छ करून घ्यावा आणि मगच घडी घालावी. सुक्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास थोडी मदत करत असेल, पण स्वच्छतेची जागा तो घेऊ शकत नाही. डांबराच्या गोळ्यांबाबत मी सावध असते. त्यांची वाफ बंद खोलीत सतत श्वासात जाणे चांगले नाही, आणि जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना अशा गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. घरात तान्हे मूल असेल तर त्या वापरू नयेत. वापरल्याच तर कापडी पुरचुंडीत, कपड्यांना न टेकता ठेवाव्यात.

तुमच्या पैठणीबद्दल. अस्सल जरीत चांदीची तार असते आणि चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळी पडते. दमटपणा, घाम आणि थेट फवारलेले अत्तर यांनी ते लवकर घडते. रबरबँडमध्येही गंधक असतो, म्हणून साडीच्या गठ्ठ्याला तो कधीही लावू नये. हलक्या जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ मुलामा असतो. तो गेला की उघडे पडलेले तांबे पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. घरी लिंबू, चिंच, टूथपेस्ट यांपैकी काहीही काठाला चोळू नका, कारण काळेपणाबरोबर मुलामाही जातो आणि शेजारच्या रेशमाचा रंग फुटतो. पैठणीचे काम करणाऱ्या जुन्या, विश्वासू दुकानात ती दाखवा आणि ते सांगतील तेवढेच करा. त्यानंतर ती खळ काढलेल्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून आडवी ठेवा. जड साडी हँगरवर लटकवू नका, तिच्याच वजनाने घडीच्या जागी ताण येतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, म्हणून दुकानातून आलेली पिशवी त्याच दिवशी काढून टाका. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेषेवर रेशीम चिरते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, सगळ्या रेशमी साड्या सावलीत काही तास मोकळ्या करा. थेट उन्हाने रंग उडतो.

राहिली खरेदी. पहिले दोन-तीन कप्पे लावून होईपर्यंत काही घेऊ नका. त्यानंतर टेप घेऊन कप्प्यांची आतली खोली आणि उंची मोजा. प्लायवुडच्या वॉर्डरोबचे कप्पे बहुधा दोन फुटांच्या आसपास खोल असतात आणि मागची रांग कायमची विसरली जाते, त्यामुळे तिथे ओढून काढता येतील असे दोन-तीन उथळ, जाळीचे ट्रे उपयोगी पडतील. बंद झाकणाचे प्लास्टिकचे डबे घेऊ नका. हँगर टांगायची दांडी कुर्त्यांसाठी असेल तर खाली चार फुटांच्या जवळपास मोकळी जागा लागते, शर्टांसाठी साडेतीन फूट पुरतात आणि उरलेल्या जागेत मुलीच्या शाळेच्या गणवेशाचा कप्पा निघतो. सडपातळ, एकसारखे हँगर, मलमलीचे चार-पाच मीटर कापड, भिंतीवरच्या खुंट्या आणि दोन डबे सिलिका जेल, एवढे पुरेल. मलमल घरी आणल्यावर आधी गरम पाण्यात धुऊन तिची खळ काढून टाका आणि ती पूर्ण वाळल्यावरच साड्यांसाठी वापरा.